साठ हजारांची बेरीज

पप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी नायगावच्या फ्लॅटमधून सामान घेऊन काही दिवसांसाठी गावातल्या घरी राहायला आले. डोळ्यात वेळेवर थेंब घालायचे होते आणि मम्मीचा हात हल्ली थरथरतो. माझं ऑफिस वालीवला. खोके बनवणाऱ्या कारखान्यात मी ऑर्डरी बघते. चाळिशी जवळ आल्यावर मी दूरशिक्षणातून कॉम्प्युटरच्या पदवीला नाव घातलं होतं, त्यामुळे कपड्यांच्या पिशवीबरोबर लॅपटॉपही आला.

पप्पा आमच्याच गावच्या शाळेत गणित शिकवायचे. आठवी ते दहावी मी त्यांच्याच वर्गात होते. वर्गात त्यांना ‘सर’ म्हणायचं, हा त्यांचा नियम होता. दहावीनंतर मी कॉमर्सला गेले. तेव्हापासून आमच्या घरात गणिताचा विषयच निघाला नाही. वाडीतली केळी, नातेवाइकांची लग्नं, चर्चमधली कामं यांवर आम्ही पुष्कळ बोलायचो. गणितावर कधीच नाही.

त्या शनिवारी सकाळी मी घरापुढच्या ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या क्लासचा अभ्यास करत होते. सी भाषेतला अगदी सुरुवातीचा स्वाध्याय होता: एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहा. पप्पा शेजारच्या आरामखुर्चीत काळा गॉगल लावून बसले होते. वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. कंटाळून गेले होते.

“काय पुटपुटतेस?” त्यांनी विचारलं.

मी स्वाध्याय वाचून दाखवला. ते खुर्चीत सरळ बसले. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण गणित आलं की पप्पांची भाषा बदलते, पुस्तकी होते. ती भाषा मी वीसहून जास्त वर्षांनी ऐकत होते.

“ही अंकगणिती श्रेढी आहे. पहिले पद एक, सामान्य फरक एक. तू कसं करतेस?”

“लूप लावते. एक मिळव, दोन मिळव, तीन मिळव, शेवटपर्यंत.”

“एकेक करून?” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “ही तर हमाली झाली. सूत्र विसरलीस? शेवटच्या संख्येचं निम्मं कर आणि तिच्या पुढच्या संख्येने गुण. दोन ओळींत उत्तर.”

मला जरा राग आला. क्लासमध्ये लूपच शिकवला होता. पण मी सूत्र टाइप केलं आणि पाच ही संख्या दिली. उत्तर आलं बारा.

“पंधरा यायला हवेत,” पप्पा म्हणाले. “तू चुकीचं लिहिलंयस.”

“नाही, पप्पा. इथे पूर्ण संख्यांचा भागाकार केला की बाकी टाकून दिली जाते. पाचाचं निम्मं अडीच, पण हा दोनच धरतो. दोन गुणिले सहा, बारा.”

“अर्धा टाकून देतो?” त्यांना ते पटेना. मग थोडा विचार करून म्हणाले, “बरं. मग आधी गुण, नंतर निम्मं कर. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार समच येतो. टाकायला काही उरणार नाही.”

तसं केलं. पंधरा आले. शंभर दिले, पाच हजार पन्नास आले. पप्पांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. “आता मोठी दे. साठ हजार दे.” आणि मी टाइप करायच्या आत स्वतःच उत्तर सांगून मोकळे झाले, “एकशे ऐंशी कोटी तीस हजार.”

मी बटण दाबलं आणि आलेला आकडा पुन्हा एकदा वाचून बघितला.

“काय आलं?”

“उणे चौतीस कोटी आणि वर काहीतरी.”

“उणे?” त्यांनी गॉगल काढायला हात नेला. मम्मी आतून ओरडली, “हात लावू नका डोळ्याला!” त्यांनी हात खाली घेतला. “अगं, सगळ्या धन संख्या. उणे कुठून येईल? तुझा तो लूप चालव बघू.”

लूप चालवला. एकशे ऐंशी कोटी तीस हजार. बरोबर.

पप्पा खुर्चीत मागे टेकले. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेलं सूत्र उणे उत्तर देत होतं आणि ज्याला ते हमाली म्हणाले होते, ते बरोबर निघालं होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तसं वाटलं नाही. मी म्हटलं, “पप्पा, प्रोग्राम संख्या ज्या जागेत ठेवतो, तिच्यात ठरावीक आकड्यापर्यंतच संख्या मावते. दोनशे चौदा कोटींच्या आसपास. त्याच्या वर गेलं की आकडा उलटून उण्यात जातो.”

“पण उत्तर एकशे ऐंशी कोटी आहे. म्हणजे मावायला हवं.”

ते खरंच होतं. मी सूत्र पुन्हा दोनदा चालवून बघितलं, तरी उणेच. जेवायला बसलो तेव्हा मम्मीने बोंबील तळले होते. पप्पांनी एक बोंबील अर्धवट खाऊन ताट बाजूला सारलं. मम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, “काय केलंस गं त्यांना?”

दुपारी थेंब घालायची वेळ झाली. थेंब घातल्यावर डोळे मिटून पडून राहायचं असतं. मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, “बाय, उत्तर मावतं. वाटेतलं मावत नाही.”

“म्हणजे?”

“आपण आधी गुणतो. साठ हजार गुणिले साठ हजार एक म्हणजे तीनशे साठ कोटींच्या वर. तिथेच ते उलटतं. निम्मं करायच्या आधीच नासलेलं असतं. तुझ्या लूपमध्ये एवढा मोठा आकडा मध्ये येतच नाही.”

मी उठून लॅपटॉप घेऊन आले.

“पण आधी निम्मं केलं तर पाचासारखा अर्धा जाईल,” मी म्हटलं.

“लागोपाठच्या दोन संख्यांतली एक सम असतेच ना? जी सम असेल तिचंच निम्मं कर. मग गुण.”

ते बोलत होते आणि मी लिहीत होते. संख्या सम असेल तर तिचं निम्मं, नाहीतर पुढचीचं. पाच दिले, पंधरा आले. साठ हजार दिले. मी आकडा मोठ्याने वाचला. पप्पांनी डोळे मिटूनच मान हलवली. मिटल्या पापणीच्या कडेने थेंबाचं पाणी ओघळत होतं, ते मी कापसाने टिपलं.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून मी क्लासला गेले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. त्यांनी प्रोग्राम वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, “ताई, एवढं कशाला? जागा मोठ्या मापाची घ्या, लाँग लाँग लिहा, संपलं.” खरंच एका ओळीत संपलं.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांचा उत्साह जरा उतरला. “मोठं भांडं घेतलं, एवढंच ना?” मग लगेच, “त्यात किती मावतं?” मी आकडा वाचायला लागले, एकोणीस अंकी. तो पुरता ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे त्यालाही काठ आहे. आपलं राहू दे त्यात.” मोठी जागा आणि पप्पांची रीत, मी दोन्ही ठेवून स्वाध्याय दिला.

पुढच्या तपासणीला मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून विचारलं, “कसं वाटतंय, सर?” तर पप्पांनी त्यांना उणे चौतीस कोटींची हकिगत सांगायला घेतली. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाचायला परवानगी दिली.

परतताना रिक्षात ते बराच वेळ बाहेरच्या पाट्या वाचत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तो लूप काय असतो, ते मला नीट सांग. पहिल्यापासून.”

मी सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला, शंका विचारायला. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हं, विचारा.”