पार्टी कोणी सोडली?

मी आर्वीचा वार्ताहर. सव्वीस वर्षं नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतो आहे, आणि माणूस फुटला हे सांगायला माझ्याइतके शब्द अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नसतील. आपल्यातून गेला तर गद्दार, आपल्यात आला तर पक्षप्रवेश. जाऊन परत आला की स्वगृही. तिकीट कापलं म्हणून गेला तर बंडखोर, आणि मिळावं म्हणून गेला तर विकासासाठी. रामराम ठोकणे, सोडचिठ्ठी देणे, कोलांटउडी मारणे हे तर मी झोपेतही लिहीन. ही फुशारकी मी आजवर फार मिरवली, आता जरा कमी मिरवतो.

गेल्या नोव्हेंबरात नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेताना मागच्या बाकावरून ऐकू आलं, "रत्नदीपनं पार्टी सोडली. कैलास लय तापला आहे त्याच्यावर." कैलास मून हा एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता. मला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'रत्नदीप थूल यांचा पक्षाला रामराम, कैलास मून यांना धक्का'.

हा रत्नदीप थूल एसटीच्या आगारात मेकॅनिक. चाकाच्या नटावर हातोडी मारून आवाजावरून सांगतो, ढिला की घट्ट. आयुष्यात कोणत्याच पक्षाच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. मत कोणाला देतो ते बायकोलाही सांगत नाही. मी हे सगळं जाणत होतो, तरी छापलं. त्या सकाळी त्याच्या दारात एका पक्षाची माणसं दुपट्टा घेऊन आली, त्यांच्यामागून दुसऱ्या पक्षाची पेढे घेऊन. त्यानं सगळ्यांना चहा पाजला. "तुमच्यामागं मतं किती?" असं एकानं विचारलं तेव्हा म्हणाला, "एक. घरवालीचं मले माहीत नाई."

ड्युटी संपवून तो ग्रीसच्या हातांनीच माझ्याकडे आला.

"अण्णाजी, हे काय छापून राह्यले तुमी? म्या गायन पार्टी सोडली जी."

आता माझी ट्यूब पेटली. समता गायन पार्टी! कैलास गायचा, रत्नदीप ढोलकी वाजवायचा, तेवीस वर्षं. जयंती असो की नामकरण, जोडी ठरलेली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "गाणाऱ्यांनी पार्टी कशाला म्हणायचं? मंडळ म्हणा," मी खेकसलो.

"बरं, मंडळ म्हणू. आता सुलोचनाबाईच्या मंडळात वाजवतो."

"पण काऊन सोडली?"

तो नखांतलं ग्रीस काढत बसला. मग म्हणाला, "खुलासा नका छापू. कैलासले अजून वाईट वाटन. चवदा दिवस झाले, माह्याशी बोलला नाई तो."

पेढ्यांची आणि दुपट्ट्याची गंमत त्यानं हसत सांगितली होती, पण हे सांगताना तो हसला नाही. पुढारी दारात येऊन गेले त्याचं त्याला काही नव्हतं. कैलास आगाराच्या फाटकासमोरून तोंड फिरवून जातो, हे त्याला सोसत नव्हतं.

खरं कारण मला सुलोचनाबाईंनी सांगितलं. या निवृत्त अंगणवाडी सेविका, महिलांची गायन पार्टी चालवतात, आणि बोलायला लागल्या की माझ्यासारख्यानं गप्प बसावं. "दिवाईत कैलासनं ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅड आणला," त्या म्हणाल्या. "वाजवाले हिंगणघाटचा माणूस बोलावला. रत्नदीप दोन कार्यक्रमात स्टेजवर ढोलकी मांडीवर घेऊन बसून राह्यला. त्याच्यापुढं माईक ठेवला नाई कोणी. तिसऱ्या कार्यक्रमाले गेला नाई. आमच्याकडं ढोलकी नव्हती, म्या घरी जाऊन त्याले घेऊन आली. आता त्याले फितूर म्हणतेत. म्हणू देत."

संविधान दिनाला विहारात दुपारी चारला कार्यक्रम होता. दोन्ही पार्ट्या एकाच मंचावर. मी बातमीसाठी म्हणून गेलो, पण खरं तर या दोघांचं काय होतं ते बघायला गेलो. आधी कैलास गायला. ऑक्टोपॅडचा दणका होता, टाळ्याही पडल्या. मग बाया चढल्या आणि रत्नदीप मंचाच्या कोपऱ्यात बसला. इथेही त्याच्यापुढे माईक नव्हता, कारण बायांकडे दोनच, ते दोन्ही गाण्यात गेले. सुलोचनाबाईंनी सूर धरला. मागे बसलेल्यांना ढोलकी ऐकू येईना, तशी माणसं पुढे सरकू लागली. मी मंचाकडे बघतच नव्हतो. मी कैलासकडे बघत होतो. तो हाताची घडी घालून खुर्चीत ताठ बसला होता, पण दुसऱ्या कडव्याला त्याचं बोट दंडावर ठेका धरू लागलं.

गाणं मधेच असताना तो उठला. गेला, असं मला वाटलं. तो सरळ मंचावर चढला, ऑक्टोपॅडशेजारचा आपला माईक स्टँडसकट उचलला, ढोलकीपुढे आणून ठेवला आणि वाकून तिच्या तोंडाशी बसवला. रत्नदीपनं मान वर केली नाही, पण हात असा काही सुटला की सुलोचनाबाईंना कडवं पुन्हा घ्यावं लागलं.

कार्यक्रम आटोपल्यावर कैलास मला चपलांच्या ढिगापाशी गाठून म्हणाला, "अण्णाजी, ते बातमी चुकीची छापली तुमी."

"कबूल. गायन पार्टी होती."

"ते नाई म्हणून राह्यलो मी. त्यानं सोडली असं छापलं तुमी. तो तं जागेवरच बसून होता, ढोलकी घेऊन. सोडलं म्या त्याले. नाव घालून छापा."

मी खिशातून वही काढली आणि तशीच धरून उभा राहिलो. उठून जाणाऱ्यासाठी माझ्यापाशी ढीगभर शब्द होते. जागेवर बसल्या बसल्या दुसऱ्याला सोडणाऱ्यासाठी एकही सापडेना. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

रत्नदीप कैलासच्या पाठीमागेच चपला शोधत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं ढोलकीची पिशवी कैलासच्या हातात दिली, आणि गाडीला किक मारून म्हणाला, "बस मांगं. ढोलकी नीट धरजो."