बातमी देणाऱ्याचं नाव

मुळशीतला तो तपास अजून डोक्यातून जात नाही. घोटावड्याजवळच्या एका कारखान्याने आपली गोपनीय माहिती चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. रसायनाचं पाणी ओढ्यात सोडतानाचा व्हिडिओ एका स्थानिक पत्रकाराने बातमीत दाखवला होता. ओढ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. आदेश एवढाच, की व्हिडिओ देणारा शोधा.

पत्रकार तिथल्याच शेतकरी घरातला. ठाण्यात बोलावून पंचांसमक्ष त्याचा फोन जप्त केला. चहा पाजला, दरडावलं, पुन्हा चहा पाजला. गडी बधला नाही.

"मला आत टाका, पासवर्ड देनार न्हाई. ज्यानं इस्वास टाकला त्येला बी लेकरं हायेत, साहेब."

ज्या ॲपवर त्याला निरोप यायचे, ते उघडणं आमच्या बापाला जमलं नसतं. मग वरिष्ठांच्या मंजुरीने मोबाईल कंपनीकडून त्याच्या कॉलची नोंद मागवली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. कारखान्यावरच्या त्याच्या प्रत्येक बातमीच्या आदल्या दिवशी एकाच नंबरवरून त्याला काही सेकंदांचा फोन आलेला. आपल्याकडे माणूस मेसेज पाठवून गप्प बसतच नाही. 'टाकलाय, बघा' हे सांगायला लगेच साधा फोन लावतो.

नंबर कारखान्यातल्याच केमिस्टचा निघाला. लातूरकडचा, मारुंजीत बायको-मुलीसह भाड्याने राहणारा. ठाण्यात आला तेव्हा चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"सर, मेसेज तर लॉक होते ना? नाव फुटणार नाही असा शब्द दिला होता त्यांनी."

"त्यांनी शब्द पाळला. फोन तुम्ही केलात," मी म्हणालो.

गुन्हा पुढे टिकला नाही, पण नाव कारखान्यात पोचलं होतं. त्याची नोकरी गेली, खोली सुटली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. माझ्या खबऱ्याचं नाव सांगायला मला कोर्टही भाग पाडत नाही, कायद्याने तशी सोय केली आहे. पत्रकाराला खबर देणाऱ्याला तसं कवच नाही, आणि मेसेजला कितीही पक्कं कुलूप लावलं तरी कोण कुणाच्या दारी गेलं, हे आम्हाला रस्त्यावरूनच दिसतं.

माझ्या निवृत्तीनंतर तो पत्रकार घोटावड्याजवळच्याच चांदे गावात भेटला. येताना मी ओढा पाहिला होता, पुन्हा फेसाळलेला.

"बातमी नाही केलीत?"

"आतलं सांगनार कोन? माजा सख्खा भाऊ हाय त्या कारखान्यात," तो म्हणाला. "त्यानं बी माजा नंबर ब्लॉक केलाय."