जुम्मेरातचं पाणी

हर्सूलच्या सारजाबाईला कुणी नुसतं विचारावं, "बाई, बऱ्या कशानं झालात?" की झालं. हातातलं काम टाकून ती सगळी कथा पहिल्यापासून सांगायची, आणि ऐकणारीची भाजी करपली तरी तिला सोडायची नाही.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली ती लग्न होऊन हर्सूलला आली होती. रामकिसनशी तीस-बत्तीस वर्षं संसार केला. मग तो दवाखान्यात गेला आणि चालत काही परत आला नाही. सारजाबाईनं अन्न सोडलं, झोप सोडली, भिंतीकडं तोंड करून बसली. मुलगा बद्रीनाथ डॉक्टरकडून गोळ्या घेऊन आला, तर तिनं त्या अंगणात थुंकल्या. दवाखान्यानं नवरा नेला, आता मला न्यायचंय का, म्हणून पोराला नाही नाही ते बोलली.

शेजारच्या जमिलाचं माहेर खुलताबादचं. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती तिथल्या दर्ग्यातून बाटलीभर पाणी आणायची आणि रोज संध्याकाळी सारजाबाईला पेल्यातून द्यायची. तिच्या हातचं मात्र सारजाबाई मुकाट्यानं प्यायची. मग जमिला तिच्या डोक्याला तेल लावायची, हाताला धरून तळ्यापर्यंत फिरवून आणायची. हळूहळू सारजाबाईला झोप लागू लागली, भूक लागू लागली. दिवाळीत तिनं आपणहून चकल्या पाडल्या, तेव्हा बद्रीनाथ चुलीपुढं बसून रडला.

फर्दापूरला तिची धाकटी बहीण वच्छलाबाई. तिची लेक चतुरा बाळंतपणानंतर अशीच भ्रमिष्टासारखी वागू लागली होती. गोळ्यांनी जरा सावरत होती. सारजाबाई दर्ग्याच्या पाण्याची बाटली घेऊन तिथं गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं त्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

"माझ्याकडं बघ की. एक गोळी घेतली नाय मी. नुसतं बाबाचं पाणी. तुझ्या गळ्याची आण."

धाकटीनं थोरलीवर विश्वास ठेवला. पावसाळा सरता सरता चतुरानं विहिरीत उडी घेतली. लोकांनी जिवंत बाहेर काढली, पण पाय कायमचा अधू झाला.

निरोप आला आणि बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं, "गोळ्या फेकायला कुणी सांगितलं होतं तुला? तू गोळ्यांनीच बरी झालीस, माय. जमिलामावशी पाण्यात चुरून द्यायची."

सारजाबाईनं शेजारीच बसलेल्या जमिलाकडं पाहिलं. जमिलानं पदर तोंडाला लावला.

"क्या करती, सारजा? तू मरायली होतीस. बद्रीनं पाय धरले माझे."

"अन् मी साऱ्या गावाला सांगत फिरले, तव्हा हितंच बसून मान डोलवत होतीस की गं!"

तिचा राग गोळीवर नव्हताच. पेल्याला कपाळ टेकवून, रामकिसनचं नाव घेऊन ती ते पाणी प्यायची, आणि समोर बसलेल्या दोघांना सगळं ठाऊक असायचं. त्यांनी तिला वाचवलं, खरंय. पण वाचल्यावर तरी सांगायचं होतं! पुढच्या महिन्यात सांगू, सण झाला की सांगू, असं करत दोघं गप्प राहिले. सुखानं चाललंय, त्यात खडा कशाला टाकायचा? आणि बिचारी सारजाबाई आणाभाका घेत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनंच फर्दापूरची एसटी धरली. बद्रीनाथ सोबत येतो म्हणाला, तर त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही.

वच्छलाबाई लेकीचा पाय शेकत बसली होती. सारजाबाई उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

"वच्छे, मला बी फसवलं गं त्यांनी. माझ्याच लेकानं."

वच्छलाबाईनं फडकं पुन्हा तव्यावर टेकवलं. मान वर केली नाही.

"तुला फसवलं, तर तू बरी झालीस, अक्का," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं काय?"