पीएचपी बसवेपर्यंत

नवऱ्याच्या बँकेने बदली केली की माझी नोकरी सुटायची. नागपूरला सुटली, मग भोपाळला. जयपूरला आलो तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, इथे नोकरी मिळाली तर ती काही झालं तरी सोडायची नाही. शास्त्री नगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या संचालकांनी मला पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा, शिकवायला घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली. लॅबमधल्या मशीनांवर ती भाषा मीच बसवून द्यायची. "सोमवार से बैच है, मॅडमजी. नहीं हुआ तो किसी और को बुला लेंगे," असं त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं.

सगळ्या मशीनांवर कोणीतरी कधीकाळी सीडीवरून टाकलेलं जुनं लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. शनिवारी सकाळी मी पहिल्या मशीनसमोर बसले, पीएचपी बसवायची एक ओळ टाइप केली आणि निवांत मागे टेकले. लिनक्सला काही नवं हवं असलं की ते नेटवरच्या ठरावीक कोठारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून, आणतं. त्या कोठाराकडून उत्तर आलं, ४०४, सापडत नाही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा ४०४. मी नेटला शिव्या घातल्या, वायर काढून परत लावली. नेट बिचारं ठणठणीत होतं, बातम्यांची साइट झटक्यात उघडली.

मग मी जरा जास्तीचा शहाणपणा केला. कोठारांचे पत्ते मशीनमधल्या एका फाइलमध्ये लिहिलेले असतात. तिथलं आमच्या जुन्या आवृत्तीचं नाव पुसून मी ताज्या आवृत्तीचं घातलं. धडाधड फाइली उतरायला लागल्या. मी खुशीत! पण थोड्या वेळाने ते मशीन अर्धं नवं, अर्धं जुनं होऊन बसलं, एक भाग दुसऱ्याला ओळखेना, आणि बंद करून चालू केल्यावर पडदा काळा तो काळाच. नेमके तेव्हाच संचालक दारातून डोकावले.

"रहने दीजिए, मॅडमजी. आपसे नहीं होगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "होगा," मी म्हटलं, आणि सीडी घालून ते मशीन पहिल्यापासून उभं करायला घेतलं.

संध्याकाळी नवरा स्कूटरवरून न्यायला आला. पडद्यावर परत आलेलं ४०४ बघून आणि माझी कोठाराची कहाणी ऐकून म्हणाला, "मतलब त्या कोठाराची बदली झाली. काहून चिडतेस? नवा पत्ता शोध ना." बदलीचा विषय, आणि तोही याच्या तोंडून! मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. जुनी आवृत्ती कोणी फेकून थोडीच दिली असेल, कुठेतरी हलवली असेल.

रविवारी शोधल्यावर एका फोरमवर सापडलं, मुदत संपलेल्या आवृत्त्या वेगळ्या कोठारात नेऊन ठेवतात. तो पत्ता घातला, ओळ चालवली, आणि तरी ४०४. संचालकांनी शिकवायला दुसरी बाई शोधूनसुद्धा ठेवली असेल, असं वाटायला लागलं. तरी या वेळी चिडायच्या आधी मी सगळं उत्तर नीट वाचलं. बरेचसे पत्ते लागले होते. अडला होता तो फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा, फाइलच्या अगदी तळाशी, जो मी बदललाच नव्हता. बदलला. पीएचपी उतरली, बसली, आणि मी लिहिलेल्या इवल्याशा प्रोग्रॅमने पडद्यावर "नमस्कार" म्हटलं. रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीच मोठ्याने हसले. मग बाकीची मशीनं करायला घेतली. सोमवारी बॅच मीच घेतली.

त्या क्लासमध्ये मी टिकले. पुढे नवऱ्याची बदली आलीच. जेवताना त्याने हळूच सांगितलं, "रायपूर. तिकडेही क्लास असतीलच की."

"असतील," मी म्हटलं. "तू जा. मी नाही येत."

मी रागाच्या भरात बोलतेय असं त्याला वाटलं. मी मुळीच रागावलेली नव्हते, आणि या शांतपणाचीच मला भीती वाटली. तो एकटा गेला. गाडी सुटल्यावर मी प्लॅटफॉर्मवर हमसून हमसून रडले, लोक बघत होते तरी रडले, आणि मग रिक्षा करून दुपारच्या बॅचला वेळेवर पोचले.