कथलाचा चोंबू

अर्धांगाचा झटका आल्यापासून सासूबाईंनी खाणं जवळजवळ सोडलंच होतं. भात नको, दूध नको. फक्त त्यांच्या कथलाच्या चोंबूत उकळलेलं पातळ सारू, आपण सार म्हणतो ते, तेवढं चमच्याने घेत. तोंडाने खाणं थांबलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळ्या घराचा जीव त्या चोंबूत अडकला होता.

त्या तंजावरी मराठी घरातल्या. मी नागपूरहून लग्न होऊन चेन्नईत आलेली. धडधाकट होत्या तेव्हा चोंबू त्या कुणाला घासूच देत नसत. चिंचेचा कोळ लावून बोटांनी हलकेच चोळायच्या, जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायच्या. मी मनात हसायचे. आमच्याकडे भांडं घासलं म्हणजे त्यात तोंड दिसलं पाहिजे.

२००३चा उन्हाळा, लॉरीने येणारं पाणी, त्यात भांड्यांचा ढीग. चोंबूचं काळं बूड बघून माझं डोकंच फिरलं. तारेची घासणी घेतली आणि दातओठ खाऊन घासत सुटले. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. शब्द फुटत नव्हते, नुसतं "आं, आं." "आले हो आई, दोन मिनिटं!" मी ओरडले आणि आणखी जोर लावला. चरेच चरे पडले. मग लोखंडी तवा वाळवतात तसा तो रिकामा चोंबू पेटत्या गॅसवर ठेवला. रिकामं कथील आगीवर ठेवू नये हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. मला नव्हतं. डोळ्यांदेखत बूड वितळलं आणि बर्नरवर थेंब थेंब गळलं.

रिक्षाने जॉर्ज टाउन गाठलं, तसाच नवा चोंबू आणला, सारू केलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले ते मिटलेच.

"आई, हवं तर मारा मला, पण एक चमचा घ्या," मी पाया पडून रडले. त्यांनी चालत्या हाताने माझे डोळे पुसले. चमचा पुढे केला की मात्र मान फिरवायच्या. चिडल्या असत्या तर मी शंभरदा माफी मागितली असती. त्या चिडल्याच नव्हत्या, म्हणून मला काही करताच येईना.

दुसऱ्या दिवशी नळी घालताना डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?"

"काल सकाळी."

"मग एकदम काय झालं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "मी भांडं घासलं."