मिनूचे दात

परवा सुनेनं बाळाची बाटली उकळायला ठेवली आणि गरम रबराच्या वासानं मी थेट कळंबच्या घरात जाऊन पोचले.

मिनूला, माझ्या लेकीला, तेव्हा नुकते दात आले होते. पाजताना ती कचकन चावायची आणि मी कळवळले की माझ्याकडे बघून हसायची. रक्त यायचं. खोबरेल तेल लावून मी तिला पुन्हा पदराखाली घ्यायचे. रडायचे ते फक्त सासूबाईंजवळ.

एका दुपारी शाळेत शिकवून घरी आले. छाती दुधानं दगडासारखी झालेली. मिनू सासूबाईंच्या मांडीवर डोळे मिटून बाटली पीत होती. मी तिला छातीशी धरलं, तर तिनं तोंड फिरवलं.

"तू घरी नसली का मी बाटलीच देऊन राह्यली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुले किती तरास होत होता."

"मले काहून नाही इचारलं, आई?"

"इचारलं असतं त तू नाहीच म्हटलं असतं."

न्हाणीत जाऊन मी दूध पिळून टाकलं. त्यांची माया आज कळते, पण त्यांनी मला विचारलं नाही, हे अजून सलतं. मिनू मला पुन्हा कधीच चावली नाही. मी मात्र कितीतरी दिवस तिला पदराखाली घेऊन वाट पाहत बसायचे.