तोकिएबाईंची बंदराकडची खोली

तोकिए वाकुई या बाईंना 'नको' हा शब्द ऐकूच येत नाही, असं कोबेच्या स्टेशनासमोरच्या मोठ्या दुकानात सगळे म्हणतात. दर महिन्याला आठवडाभर बाई तिथे भांड्यांच्या मजल्यावर टेबल मांडतात आणि किसण्या विकतात. डोक्याला रुमाल, अंगात एप्रन, हातात मनगटाएवढा जाडजूड मुळा. तोंड आणि हात एकाच वेगानं चालतात. गिऱ्हाईक म्हणतं, घरी आहे माझ्याकडे किसणी. बाई म्हणतात, असणारच, तुमच्यासारख्या सुगरणीकडे नसेल तर कुणाकडे असेल. बोटं दाखवा बघू, वहिनी. वहिनींच्या बोटावर कुठे ना कुठे जुनी चीर निघतेच. दुसऱ्यांदा नको म्हणताना वहिनींचा आवाज जरा उतरतो, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत पिशवी त्यांच्या हातात असते. शेजारचा तवेवाला म्हणतो, ही बाई बोळक्या म्हाताऱ्याला भाजलेलं कणीस विकेल आणि वर तो आभार मानून जाईल.

हीच बाई संध्याकाळी बेलरोझ हॉटेलच्या काउंटरपुढे उभी राहिली की कशी होते, ते मात्र तवेवाल्यानं पाहिलेलं नाही.

बेलरोझ हे पाश्चात्त्य थाटाचं हॉटेल. मालक कंपनी परदेशी, पलंग उंच, सकाळी पाव आणि अंडी, खोलीत बूट घालून फिरलं तरी कुणी हटकत नाही. तोकिएबाई तिथे इतकी वर्षं उतरतायत की हॉटेलनं त्यांना आधी निळं, मग चंदेरी आणि शेवटी सोनेरी कार्ड दिलं. सोनेरी कार्डाचे लाड पुष्कळ. नाश्ता फुकट, संध्याकाळी वर बसून एक पेला वाइन, आणि मुख्य म्हणजे मोठी खोली रिकामी असेल तर छोटीच्या भाड्यात मोठी. सगळ्यात वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली आहे. दोन बाजूंना खिडक्या, खाली सगळं बंदर. तोकिएबाईंचा जीव त्या खोलीत अडकला होता.

कार्ड सोनेरी झालं त्या महिन्यात काउंटरवरच्या निशिगाकीनं अगदी अदबीनं, नावापुढे मानाचं 'सामा' लावून विचारलं, "वाकुईसामा, आज कोपऱ्यावरची खोली रिकामी आहे. तुम्हाला देऊ का?"

आता आपल्याकडे कुणी काही देऊ केलं आणि माणूस पहिल्या फटक्यात हो म्हणाला, तर त्याला हावरट म्हणतात. बाईंचं तोंड आपोआप उघडलं. छे छे, मला एकट्या जिवाला एवढी मोठी खोली कशाला, कुणा बड्या पाहुण्याला द्या. एवढं बोलून बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. आता निशिगाकी म्हणेल, असं कसं, घ्याच. मग आपण म्हणू, अहो, खरंच नको. मग तो म्हणेल, आमच्यासाठी तरी घ्या. मग आपण म्हणू, तुम्ही इतकं म्हणताय तर.

निशिगाकी वाकला आणि त्यानं लिफ्टशेजारच्या छोट्या खोलीची किल्ली पुढे केली.

परदेशी कंपनीची शिकवण अशी होती की पाहुण्याला एकदाच विचारायचं आणि तो जे म्हणेल ते खरं धरायचं. पुढच्या महिन्यात निशिगाकीनं पुन्हा एकदाच विचारलं, बाईंनी पुन्हा रीत पाळली. तिसऱ्या महिन्यात त्यानं विचारलंच नाही. उलट, वाकुईसामांना लिफ्टशेजारची छोटी खोलीच फार आवडते, ही गोष्ट त्यानं मनावर घेतली, आणि तो सुट्टीवर गेला की बाकीच्यांना बजावून जाऊ लागला. हॉटेल भरलेलं असो की ओस, तेवढी एक खोली बाईंसाठी राखलेली. इतक्या प्रेमानं कुणाचं वाटोळं झालेलं तुम्ही पाहिलं नसेल.

एवढ्यावर भागलं असतं, पण बाईंना एक थोरली बहीण होती.

मासुयोताई. सान्-इनच्या बाजूला, डोंगरातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गावात वाकुईंची जुनी सराई होती. थोरली म्हणून ती मासुयोताईंकडे आली आणि त्यांनी ती चाळीस वर्षं तोऱ्यात चालवली. धाकटी तोकिए किसण्या घेऊन गावोगाव फिरू लागली, तेव्हापासून ताईंच्या जिभेला विषय मिळाला. आमची तोकिए ना, ती खोक्यात झोपते. पाव खाते. तातामीच्या चटयांचा वास विसरली असेल. नवं वर्ष असो नाहीतर गावात दुसरा कुठलाही सण असो, ताईंचं हे चालूच. मग एका संध्याकाळी फोनवर टोमणा जरा जास्तच लागला आणि तोकिएबाई बोलून गेल्या की हॉटेलवाले मला कोपऱ्यावरची बंदराची खोली देतात, मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

थाप एकदा दारात आली की घरातच राहते. दर महिन्याला ती थोडी थोडी बाळसं धरू लागली. आज एक पांढरं जहाज आलं होतं. आज न्हाणीघरातून सूर्यास्त पाहिला. ताई पलीकडे नुसतं हूं म्हणत, पण गावभर सांगत, हे बाईंना गावच्या पोस्टमास्तरणीकडून कळलेलं होतं.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्यांनी संप केला आणि सराई बंद झाली. आणि या महिन्यात फोन आला. गुरुवारी येते, तुझी ती बंदराची खोली बघायचीय, एक रात्र राहीन, गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तोकिएबाईंनी फोन ठेवला आणि लिफ्टशेजारच्या पलंगावर बसल्या. भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरत वर गेली. पैसे टाकून कोपऱ्यावरची खोली घेता आली असती, पण ती काय, कुणीही घेतं. सोनेरी कार्डाला मिळाली तरच ती मिळाली. आणि गुरुवारी नाही मिळाली, तर ताई गावाला जाऊन काय सांगतील, ते बाईंना शब्दन् शब्द आताच ऐकू येत होतं.

सोमवारी त्यांनी निशिगाकीजवळ सहज विषय काढला की वरून बंदर फार सुरेख दिसत असेल नाही. निशिगाकीचा चेहरा खुलला. तो लगबगीनं आत गेला आणि बंदराची रंगीत पोस्टकार्डं घेऊन आला. मंगळवारी बाई म्हणाल्या, लिफ्टचा आवाज जरा येतो हो हल्ली. निशिगाकी म्हणाला, आमच्याही लक्षात आलं, कालच तेल घालून घेतलंय, खास तुमच्यासाठी. बाईंनी त्याचे मनापासून आभार मानले, दुसरं काय करणार.

बुधवारी त्या मांजूचा डबा घेऊन आल्या. लाल चवळीचं पुरण भरलेले मऊ मऊ मांजू, दर महिन्याला काउंटरवर द्यायचे हा बाईंचा शिरस्ता. निशिगाकी म्हणाला, छे, दर वेळी कशाला त्रास. बाई म्हणाल्या, त्रास कसला. निशिगाकी म्हणाला, खरंच नको, आम्हाला संकोच होतो. बाई म्हणाल्या, चहाबरोबर खा सगळे. मग त्यानं दोन्ही हातांनी डबा घेतला आणि कपाळाला लावल्यासारखा वर उचलला.

बाई लिफ्टपर्यंत गेल्या आणि थबकल्या. म्हणजे याला रीत पुरती ठाऊक आहे. मांजूला तीनदा आणि खोलीला एकदाच. मांजू आपले आणि खोली कंपनीची. बाईंना एकदम दुपारची वहिनी आठवली, नको नको म्हणत दोन किसण्या घेऊन गेलेली. जन्मभर आपण दुसऱ्याचा पहिला नकार कधी मोजला नाही, आणि इथे एक माणूस आपला एकच नकार उराशी धरून बसलाय. लिफ्टमध्ये बाई एकट्याच होत्या, म्हणून मोठ्यानं हसल्या. मग हसू मावळलं. कारण आता उपाय एकच उरला होता, आणि तो कुठल्याही भल्या घरच्या बाईला जमणारा नव्हता. आपल्या तोंडानं मागायचं.

गुरुवारी दुपारी मासुयोताई आल्या. अंगावर राखी किमोनो, हातात काठी, आणि चाळीस वर्षं पाहुणे झेललेली नजर. दारातच त्यांनी फुलदाणीवरून बोट फिरवून पाहिलं. स्वागताला वाकणाऱ्या हॉटेलच्या पोरीकडे बघून, कंबर वाकली पण मान नाही वाकली, असं हलकेच पण तिला ऐकू जाईलसं म्हणाल्या. निशिगाकी मात्र असा वाकला की ताईंना खोट काढता आली नाही.

"वाकुईसामा, तुमची नेहमीची खोली तयार आहे," तो अभिमानानं म्हणाला. "आज बहीणबाई आहेत, म्हणून एक जादा पलंग लावलाय. जरा दाटी होईल, पण तुम्हाला तीच आवडते."

ताईंनी मान हळूच वळवली. "दाटी?" त्या म्हणाल्या. "दोन बाजूंना खिडक्या ना गं त्या खोलीला?"

 आपल्या नेहमीच्या पाहुणीचं काहीतरी आपल्या हातून फुटलं, एवढं निशिगाकीला कळलं. काय ते कळेना.  तोकिएबाईंना अजूनही सावरता आलं असतं. आज वर काहीतरी दुरुस्ती चाललीय म्हणता आलं असतं. निशिगाकीनं ते पडत्या फळासारखं झेललं असतं.

पण बाईंनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले, जसे टेबलावर ठेवतात, आणि भांड्यांच्या मजल्यावरचा तो आवाज काढला. लॉबीतल्या लोकांनी वर्तमानपत्रं खाली केली.

"निशिगाकीसान, कोपऱ्यावरची खोली आज रिकामी आहे का?"

"आहे. पण वाकुईसामांना छोटीच आवडते ना."

"नाही आवडत. कधीच आवडली नव्हती. मी आपली रीतीनं नको म्हणायची, आणि तुम्ही ते खरं धरलंत. मला बंदराची खोली हवी आहे. आज हवी आहे, आणि रिकामी असेल तेव्हा दर महिन्याला हवी आहे."

निशिगाकी लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. इतकी वर्षं राखलेली खोली त्याच्या डोळ्यांपुढून लिफ्टसारखी खाली गेली असावी. मग तो इतका खोल वाकला की नुसता भांग दिसत राहिला. सरळ झाला तो हातात किल्ली घेऊनच. "तर मग, वाकुईसामा, कोपऱ्यावरची खोली..."

आणि इथे मासुयोताईंचं तोंड आपोआप उघडलं. चाळीस वर्षांची सवय, तिचा काय दोष. "अहो, एवढं कशाला. आम्ही दोघी म्हाताऱ्या, छोटीतही मावू."

निशिगाकीचा हात हवेत थांबला. खरोखर थांबला. किल्ली काउंटरच्या मध्यावर लोंबत राहिली आणि परत मागे जाऊ लागली.

तोकिएबाईंनी ती दोन्ही हातांनी पकडली. "ताई, गप्प," त्या म्हणाल्या. "इथे पहिलाच नकार खरा धरतात."

आयुष्यात धाकटीनं थोरलीला गप्प म्हणायची ही पहिली वेळ. त्याहून नवल म्हणजे थोरली गप्प झाली.

लिफ्ट वर निघाली. नव्या तेलामुळे आवाज मुळीच नव्हता. ताई दाराकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं लिफ्टशेजारी."

"हो."

"आणि ते पांढरं जहाज?"

"खोलीत ठेवतात त्या पोस्टकार्डावर होतं."

ताईंच्या काठीचं टोक जमिनीवर टकटकू लागलं. बाईंना वाटलं, रागानं. बघतात तर ताई हसू दाबत होत्या आणि ते काठीतून बाहेर पडत होतं.

खोलीच्या दारात ताईंनी सपाता काढल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडून ठेवल्या, आणि पायमोज्यांनी गालिच्यावर आल्या. पडद्याची कड चिमटीत धरून बघितली. नळ सोडून पाणी किती वेळात ऊन होतं ते बघितलं. उशी दाबली. मग खिडकीपाशी गेल्या आणि तपासायचं विसरल्या. खाली सगळं बंदर पसरलं होतं. क्रेन, धक्के, लाल मनोरा, आणि बाईंचं नशीब बघा, एक पांढरं जहाज.

दोन गुबगुबीत खुर्च्या असताना ताई खालीच बसल्या, गुडघे कुरकुरत असताना. तोकिएबाईही शेजारी बसल्या.

"आपल्या पाईनच्या खोलीतून दरी अशीच दिसायची," ताई म्हणाल्या. पाईनची खोली म्हणजे सराईतली सगळ्यात भारी खोली.

"मला काय माहीत. आपण दोघी बंबाशेजारी झोपायचो."

"मीही तिथेच झोपायची. लग्नानंतरही. चाळीस वर्षं." ताईंनी काच बोटानं पुसली, जरी ती स्वच्छ होती. "पाईनच्या खोलीत मी गाद्या किती वेळा घातल्या असतील. एकीवरही पाठ टेकली नाही."

 तोकिएबाईंनी हॉटेलनं ठेवलेल्या बशीतला केक उचलून ताईंपुढे केला. ताईंनी सवयीनं हात आडवा धरला, धाकटीकडे बघितलं, आणि हात उघडला. "दे," त्या म्हणाल्या.

निशिगाकीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्या दिवसापासून तो सोनेरी कार्डाची, केस पांढरे झालेली बाई दिसली की तीनदा विचारतो. कंपनीची शिकवण त्यानं गुंडाळून ठेवलीय आणि कोपऱ्यावरची खोली आता सहसा रिकामी नसते. तोकिएबाईंना मात्र तो एकदाच विचारतो; बऱ्याचदा तेही पुरं व्हायच्या आत त्या हो म्हणतात.

पण त्या संध्याकाळी, जहाजावरचे दिवे लागत असताना, मासुयोताईंनी पोस्टमास्तरणीला फोन लावला. तोकिएबाई पलंगावर पाय पसरून पडल्या होत्या आणि केकचा उरलेला तुकडा खात ऐकत होत्या. आता सगळं बाहेर येणार, लिफ्ट, पोस्टकार्ड, सगळं. त्यांनी त्याची तयारी केली होती.

"अगं, बंदराच्या खोलीतून बोलतेय," ताई म्हणाल्या. "हो, दोन्ही बाजूंना खिडक्या. तोकिएचा फार मान आहे इथे. आम्ही नको नको म्हणत होतो, पण ऐकायलाच तयार नाहीत. शेवटी किल्ली हातात कोंबलीच."